तोगाशीबाईंचं शिफारसपत्र

मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
७ सप्टेंबर २०२५

प्रिय मैत्री,

सप्रेम जय भीम. तुझा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज ऐकला. पहिली चार मिनिटं तुमच्या डिशवॉशरने घेतली, तरी मुद्दा कळला. सारांश लिहितो, चुकला असेल तर दुरुस्त कर.

आन्या बारावीत गेली. तुम्ही नेमलेल्या कॉलेज-सल्लागार बाईंच्या मते यंदा व्हायोलिन वाजवणाऱ्या भारतीय मुलींचं पीक फार आलंय, बुद्धिबळवाल्यांचं त्याहून जास्त. कुस्ती खेळणारी मात्र त्यांच्या यादीत एकच आहे, ती तुझी. म्हणून कोचचं शिफारसपत्र हवं. कोच जपानी आहेत, एकेकाळच्या विश्वविजेत्या आहेत, इंग्रजी बेताचं आहे. तेव्हा तू त्यांना सांगून आलीस, 'तुम्ही काळजी करू नका, ड्राफ्ट आम्हीच आणतो, तुम्ही फक्त सही करा.' आणि तो ड्राफ्ट मी लिहायचा, कारण आपल्या कुळात निवृत्त होणाऱ्या प्रत्येक माणसाचं मानपत्र मीच लिहिलेलं आहे.

प्रथा जुनी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. नागपूरला संस्कृत विभागात मी शिफारसपत्र मागायला गेलो, तेव्हा विभागप्रमुखांनी मान वर न करता सांगितलं होतं, 'लिहून आणा.' मी स्वतःला 'विनयशील' असं लिहून नेलं. त्या शब्दावर त्यांचं पेन जरा अडखळलं, पण सही झाली.

फक्त तोगाशीबाई काय म्हणाल्या ते तू सांगितलं नाहीस. 'वाकून नमस्कार केला' एवढंच म्हणालीस. जपानी माणूस वाकला म्हणजे हो म्हणाला, या समजुतीवर आमच्या ऑफिसात दोन प्रोजेक्ट बुडाले आहेत.

दुसऱ्याच्या तोंडून बोलण्याला आमच्या शास्त्रात परकायाप्रवेश म्हणतात. बाई त्रेपन्न किलो वजनगटातल्या, मी शहाण्णव. आत शिरताना त्यांचे हाल होतील. तेव्हा त्यांची सगळी माहिती कळव. कुठल्या, काय जिंकल्या, कशा बोलतात.

आणि शेवटच्या मिनिटात तू आवाज खाली आणून म्हणालीस, 'एक नोव्हेंबरला अर्ज गेला की कुस्ती बंद.' हे आन्याला माहीत आहे का?

पुढचं सगळं कागदावर लिही. 'जाईबाई परिवार' या ग्रुपवर त्रेचाळीस माणसं आहेत आणि आजीच्या नावाने चाललेल्या त्या ग्रुपवर आजीइतकं कमी बोलणारं कोणी नाही. शिवाय आन्याला मराठी वाचता येत नाही असं तूच म्हणतेस, तेव्हा घरातल्या घरात गुप्ततेचीही सोय झाली.

तुझा,
भूषणदादा


श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय भूषणदादा,

जय भीम. पेनाने लिहून हात दुखला, हे पहिल्यांदा नोंदवते. आणि चेष्टा पुरे. मी टेन्शनमध्ये आहे.

आन्याला अजून सांगितलेलं नाही. सांगायची गरजही नाही. आम्ही जिथे अर्ली अर्ज करतोय तिथे मुलींची कुस्ती नाहीच, आपोआप सुटेल. या अर्जात एक कागद असतो. त्यावर लिहून द्यायचं की इथे घेतलंत तर मी इथेच येईन, दुसरीकडे बघणार नाही. मुलीची सही आणि पालकाची सही. पालक म्हणजे मी. प्रितमला मी म्हटलं तू कर, तर म्हणाला, 'तुझ्या अक्षरात वजन आहे.' कुठलाही कठीण कागद आला की याला माझं अक्षर आवडतं.

आता तोगाशीबाई. पूर्ण नाव सायुरी तोगाशी. उत्तरेकडच्या कुठल्या तरी बर्फाच्या गावातल्या. ज्युदोच्या वर्गात जागा नव्हती म्हणून शेजारच्या कुस्तीच्या वर्गात बसवलं, असं आन्या सांगते. पाच वेळा वर्ल्ड चॅम्पियन. मधे सलग चौऱ्याण्णव कुस्त्या जिंकल्या, हे बोल्डमध्ये टाक. एक ऑलिंपिक गोल्ड. दुसऱ्या ऑलिंपिकला फायनल हरल्या, ते लिहू नकोस, उगाच निगेटिव्ह वाटतं. मग इथल्या एका गणिताच्या मास्तरांशी लग्न केलं आणि इकडे आल्या.

आणि दादा, एवढी मोठी बाई, पण कुठे शिकवते सांगू? रूट नाइनवर टाइल्सच्या दुकानामागच्या शेडमध्ये. बारा मुली. बोर्डसुद्धा धड नाही. वर्ग सुटल्यावर मॅट स्वतः पुसते. मी पहिल्या दिवशी तिलाच विचारलं होतं, 'कोच कुठे भेटतील?' मॉप बाजूला ठेवून वाकली. तेव्हापासून मला तिच्या डोळ्याला डोळा देता येत नाही.

कशा बोलतात हे मला सांगता येणार नाही. मी आत जात नाही. तीन वर्षं आन्याला सोडते आणि गाडीत बसून ऑफिसच्या ईमेल संपवते. स्पर्धांनाही तसंच. कोणीतरी आपल्या पोरीची मान धरून तिला आपटतंय, हे ज्याला बघवतं त्याने बघावं.

अर्जासाठी 'नेतृत्व', 'चिकाटी' आणि 'दोन संस्कृतींतला सेतू' हे तीन शब्द आलेच पाहिजेत, असं सल्लागार बाईंनी सांगितलंय. सेतू नक्की.

तुझी,
मैत्री


मॉरिसव्हिल
२४ सप्टेंबर २०२५

प्रिय मैत्री,

सोबत ड्राफ्ट जोडला आहे. सहाशे चाळीस शब्द. भाषा इंग्रजी, हाडं संस्कृत. एकेका नामामागे तीन-तीन विशेषणं उभी केली आहेत, ग्रुप फोटोतल्या नातेवाइकांसारखी. आन्या अथक आहे, निर्भय आहे, जन्मजात नेतृत्वाची धनी आहे. ती आली की शेडमधला प्रकाश वाढतो, असंही एक वाक्य आहे, वीज कंपनीला दाखवू नकोस. सेतू दुसऱ्या परिच्छेदात बांधला आहे.

हे सगळं लिहायला मला एक दिवस लागला. बाकीचे पाच दिवस माझ्या हातून काही काम झालं नाही, कारण मी तुझ्या तोगाशीबाईंच्या कुस्त्या बघत बसलो. जुन्या चित्रफिती आहेत, सुमारे साठ. मॅनेजरला सांगितलं की टेस्टिंग चालू आहे.

तू जी लिहू नको म्हणालीस ती फायनल मी चार वेळा पाहिली. सहा मिनिटांची कुस्ती. पाच मिनिटं चाळीस सेकंद बाई पुढे होत्या. मग समोरच्या एकोणीस वर्षांच्या मुलीने एकेरी पट काढला. पट काढणं म्हणजे खाली झेपावून पाय धरणं आणि माणूस पाडणं. हे मी तुला समजावतोय, जिची मुलगी तीन वर्षं हेच करते. बाई पडल्या. उठल्या, मुलीचा हात स्वतः वर धरला, आणि मॅटवरून उतरताना मागे वळून मॅटला वाकल्या.

पुढचं अधिक रंजक आहे. दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद झाली. त्यांना पोसणारी शेवयांची एक कंपनी होती, गरम पाणी ओतून खायच्या त्या. कपावर बाईंचा फोटो असायचा. कंपनीच्या माणसाने निवेदन लिहून हातात दिलं. त्यात होतं की खांदा दुखावला होता, तरी देशासाठी उतरले, वगैरे. म्हणजे तिथेही कोणी तरी मामेभाऊ नोकरीला होता. बाईंनी कागद पूर्ण वाचला, चार घड्या घातल्या, आणि खालच्या अक्षरांत भाषांतर आलं ते असं: 'माझा खांदा ठीक आहे. ती माझ्यापेक्षा चांगली खेळली.' एवढं बोलून उठल्या. दोन महिन्यांत कपावर एक बेसबॉलपटू आला.

हे पाहिल्यावर मी ड्राफ्ट पुन्हा वाचला. मग तुझी घाई आठवली आणि पाकिटात घातला. माझा सल्ला विचारला नाहीस, म्हणून देतो. हा कागद त्या बाईंपुढे ठेवताना जरा जपून.

आन्याला सांगितलंस का?

भूषणदादा


श्रूजबरी
११ ऑक्टोबर २०२५

प्रिय भूषणदादा,

ड्राफ्ट फर्स्ट क्लास. प्रितमने वाचून विचारलं, 'ही कोण मुलगी?' मी पाकिटात घालून आन्याबरोबर पाठवला. मी स्वतः दिला असता तर पुन्हा वाकावं लागलं असतं.

अकरा दिवस झाले, सही नाही. रोज विचारते. आन्या म्हणते, 'कोच वाचतेय.' सहाशे चाळीस शब्द वाचायला अकरा दिवस? आन्या म्हणते, 'शी इज अ केअरफुल रीडर.' सल्लागार बाईंचे दोन रिमाइंडर आले.

पण पत्र त्यासाठी नाही. परवा तिच्या बॅगेतून डबा काढताना एक लिफाफा सापडला. आयोवातल्या एका कॉलेजचा. नाव मी ऐकलेलं नाही, तूही ऐकलेलं नसेल. त्यांच्या कुस्तीच्या कोचने तिला उन्हाळ्यात कॅम्पला पाहिलं होतं. टीममध्ये ये म्हणतायत. दादा, आयोवा. प्रितमने लगेच नकाशा काढला आणि म्हणाला, 'ड्राइव्ह करून एकोणीस तास, मधे टोल कमी आहेत.' याला काय करायचं?

मी आन्याला विचारलं नाही. ती काय म्हणेल त्याची भीती वाटते असं नाही. मी काय बोलून बसेन त्याची वाटते.

तुला एक सांगते, तू चेष्टा करशील ती कर. आपल्या घरात आजवर ज्याला जे मिळालं ते कागदावर मिळालं. माझे बाबा म्हणायचे, डिग्री ही एकच गोष्ट अशी आहे की दिल्यावर कोणी परत मागू शकत नाही. मी इथे आले तेव्हा सहा वर्षं व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती. घरी बसून मी माझं सर्टिफिकेट काढून बघायची. खरंच बघायची. त्यामुळे कॉलेजच्या नावाचा मला सोस आहे, हे मला कळतं. लोकांना दाखवायला नाही, म्हणजे थोडं लोकांना दाखवायलाही. पण मुख्य म्हणजे उद्या कोणी हिला दारात उभं करून 'तू कोण?' विचारलं, तर हिच्या हातात कागद असावा. गुडघा निखळला की कुस्ती संपते. मग आयोवातल्या त्या कॉलेजचं नाव घेऊन ही काय करणार?

हे मला तिला तोंडावर सांगता येत नाही. तू सांग. तुझं ऐकते. एक नोव्हेंबरच्या आत समजाव. सव्वीसला वुस्टरला तिची स्पर्धा आहे, त्याच्या आधी झालं तर बरं.

मैत्री


श्रूजबरी
१३ ऑक्टोबर २०२५

भूषणमामा,

माझं मराठी स्लो आहे, म्हणून पत्र छोटं आहे. आईला वाटतं आपला ऑनलाइन मराठी क्लास तिसऱ्या महिन्यात बंद झाला. मी तिला सांगितलं नाही की झाला नाही. तू पण नाही सांगितलं, थँक्स. तिची पत्रं मी पोस्टात टाकते, आणि टाकायच्या आधी वाचते. हे चूक आहे, मला माहीत आहे.

तुझा ड्राफ्ट कोचने घेतला आणि दोन्ही हातांनी डोक्याला लावला. मला वाटलं आता सही करेल. तिने पेन्सिल काढली.

रोज प्रॅक्टिसनंतर आम्ही मॅट पुसतो आणि मग खाली बसून तुझ्या पत्राच्या पाच-सहा ओळी वाचतो. ती विचारते, हा शब्द काय? मला सांगावं लागतं. मामा, स्वतःची एवढी तारीफ एक्सप्लेन करणं खूप वाईट असतं.

एक शब्द होता, तो म्हणजे कधीच थकत नाही. कोच म्हणाली, 'गुरुवारी थकलीस.' मी म्हटलं, हो. तिने खोडला.

मग निर्भय. कोच म्हणाली, 'तुला भीती वाटते. चांगलं आहे. ज्या मुलीला भीती वाटत नाही ती मान मोडून घेते.' खोडला.

मग जन्मल्यापासून लीडर. कोचने शब्दावर पेन्सिल टेकवली. म्हणाली, 'मी तिथे नव्हते.' खोडला.

ब्रिजवालं वाक्य तिला कळलंच नाही. तिने विचारलं, 'कुठला ब्रिज? लेकवरचा?' श्रूजबरीमधून वुस्टरला जायला लेकवर ब्रिज आहे. मी म्हटलं, नाही, जपान आणि इंडिया आणि अमेरिका यांच्यामध्ये. ती म्हणाली, 'ब्रिजवरून लोक चालतात. तू ब्रिज नको होऊस.'

प्रकाशवालं वाक्य वाचून ती वर ट्यूबलाइटकडे बघत होती. मला खूप हसू आलं. ती पण हसली. पण खोडलं.

आई म्हणते तू मला समजाव. प्लीज नको समजावू. मला माहीत आहे आई काय म्हणते, मी वाचलं. ती सर्टिफिकेट बघायची ते वाचून मी बाथरूममध्ये जाऊन बसले. पण मला आयोवाला जायचंय. ती मला विचारत नाही, म्हणून मी सांगत नाही. आमच्या घरी असं चालतं.

तू फक्त आईला एकदा आत यायला सांग.

आन्या


मॉरिसव्हिल
१८ ऑक्टोबर २०२५

प्रिय मैत्री,

आन्याला समजावण्याचं काम मी नम्रपणे नाकारतो. विद्यापीठाच्या तोंडी परीक्षेनंतर मी कोणाला काही पटवून दिल्याचं स्मरत नाही. घरी तर नाहीच. तुझी वहिनी या वाक्याखाली सही करायला तयार आहे.

तुझं पत्र मात्र मी चेष्टा न करता वाचलं, आणि दोनदा वाचलं. कागदाबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे. मी संस्कृत घेतलं तेव्हा माझ्या बाबांनीही हेच सांगितलं होतं, थोड्या वेगळ्या शब्दांत: 'जी भाषा आपल्या कानावर पडू देत नव्हते तिची डिग्री घे आणि भिंतीवर लाव.' लावली आहे. थर्मोस्टॅटच्या शेजारी. पाहुणे थर्मोस्टॅट बघतात.

पण आपल्या घरात फक्त कागदच होता, हे बरोबर नाही. तुला आजोबांची एक गोष्ट बहुतेक ठाऊक नसेल, तू लहान होतीस. आपल्या भंडाऱ्याकडच्या गावात एक आखाडा होता. आपल्या लोकांना आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. मागच्या भिंतीच्या चार विटा पडल्या होत्या. आपले आजोबा, रामभाऊ गजभिये, त्या भोकाला डोळा लावून उभे राहायचे, आणि पाहिलेला डाव संध्याकाळी वैनगंगेच्या वाळूत चुलतभावावर करून बघायचे. चुलतभाऊ पुढे रेल्वेत लागला आणि आयुष्यभर पाठ धरून चालायचा. आजी सांगायची, नव्या नवरीलाही त्यांनी एकदा उत्साहाच्या भरात एकेरी पट दाखवला होता, आणि त्यानंतर आठवडाभर स्वयंपाक त्यांनी केला.

हे मी आयोवाच्या बाजूने लिहीत नाही. आयोवाबद्दल मला मक्यापलीकडे काही माहीत नाही, आणि गुडघ्यांबद्दल तू म्हणतेस ते माझे स्वतःचे गुडघे रोज जिन्यावर मान्य करतात. मी एवढंच म्हणतोय की आजोबांना आत जाऊ देत नव्हते, म्हणून ते भिंतीबाहेर उभे राहिले. तू तीन वर्षं बाहेर बसलीस. तुला कोणी अडवलं होतं?

सव्वीस तारखेला आत जा. सगळं बघून मग 'कुस्ती बंद' म्हण. मी तुझ्या बाजूने ग्रुपवर त्रेचाळीस जणांशी भांडेन.

शिफारसपत्राची घाई करू नकोस. मला वाटतं ते योग्य हातात आहे.

भूषणदादा


श्रूजबरी
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय भूषणदादा,

आत गेले.

वुस्टरच्या एका शाळेचं जिम. घामाचा आणि फिनाइलचा वास. बसायला लाकडी पायऱ्या. शेजारी एक न्यू हॅम्पशायरची बाई होती, तिने मला न विचारता संत्र्याच्या फोडी दिल्या आणि म्हणाली, 'पहिल्यांदा ना? श्वास घेत राहा.' मी म्हटलं, माझी मुलगी तीन वर्षं खेळते. तिने मला आणखी एक फोड दिली.

आन्या दोन कुस्त्या जिंकली आणि तिसरी हरली. दहा-चार. जिंकली त्या मी डोळ्यांवर हात ठेवून पाहिल्या, म्हणजे नाही पाहिल्या. हरली ती पूर्ण पाहिली, कारण तोवर न्यू हॅम्पशायरने माझे दोन्ही हात धरून ठेवले होते. समोरच्या मुलीने तिला आपटलं. तो आवाज, दादा. मी उठून उभी राहिले आणि पंचाला मराठीत काहीतरी बोलले. काय ते लिहीत नाही.

आणि मग जे झालं त्यासाठी हे पत्र. आन्या उतरली, पाणी प्यायली, आणि तोगाशीबाईंसमोर मांडी घालून बसली. काहीतरी विचारलं. बाईंनी हाताने दाखवलं, तुझं कोपर इथे होतं, इथे हवं होतं. आन्याने करून बघितलं. पुन्हा चुकलं. आणि दोघी हसायला लागल्या. माझी मुलगी हरल्यावर हसत होती. हीच पोर गणितात ब्याण्णव मिळाले तर दोन दिवस खोलीचं दार लावून बसते, आणि मी दाराबाहेरून म्हणते, 'अगं, ब्याण्णव चांगले असतात,' आणि माझ्या आवाजावरून तिला कळतं की नसतात. हे मला त्या पायरीवर बसून कळलं.

नंतर बाई माझ्याकडे आल्या. दोन्ही हातांत तुझं पत्र. पेन्सिलीने इतकं खोडलेलं की पान राखाडी झालं होतं. खाली सही. मी ते दोन्ही हातांनी घेतलं. म्हटलं, 'सॉरी. आमच्याकडे असंच करतात, लिहून नेतात.' त्या म्हणाल्या, 'आमच्याकडेही. माझ्यासाठीपण एकदा लिहून आणलं होतं.' मग वाकल्या. मीही वाकले. जिथपर्यंत कंबर गेली तिथपर्यंत.

तुझ्या सहाशे चाळीसपैकी काय उरलंय ते देते. 'आन्या तीन वर्षं माझ्याकडे शिकते. ती वेळेवर येते. हरल्यावर दुसऱ्या दिवशीही येते.' त्याखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात दोन वाक्यं घातली आहेत: 'ती अजून चांगली नाही. होईल.'

सल्लागार बाईंना पाठवलं. त्यांचा फोन आला, 'बाकीचं पान कुठे आहे?' मी म्हटलं, एवढंच आहे. त्या म्हणाल्या, 'अजून चांगली नाही' असं कोणी शिफारसपत्रात लिहितं का, आणि सेतू कुठे गेला? मी म्हटलं, सेतू कोचने पाडला. त्यांना वाटलं मी आजारी आहे.

आणि हो, तिला मराठी वाचता येतं, हे मला सप्टेंबरपासून माहीत आहे. माझ्या पहिल्या पत्राचं पाकीट मी चिकटवलं त्याहून नीट चिकटून पोस्टात गेलं होतं. ती ते उघडून वाचताना मी खिडकीतून बघत होते. मग अकरा तारखेचं ते सगळं का लिहिलं, म्हणशील. तुलाच लिहिलं होतं. पण पोस्टात कोण टाकणार आहे हे लक्षात ठेवून लिहिलं होतं. तुमचा क्लास चालूच आहे, हे तू तरी कुठे मला बोललास? दोघं मामा-भाची चांगले लबाड आहात.

काल एक तारीख. चार वाजता मी तो सहीचा कागद घेऊन तिच्या खोलीत गेले. तिने स्वतःची सही आधीच केलेली होती, नीट, पूर्ण नाव, आन्या प्रितम मेश्राम. मला ते बघवेना. मी पलंगावर बसले आणि विचारलं, 'तुला काय हवंय?'

ती म्हणाली, 'इज धिस अ ट्रिक क्वेश्चन?'

'नाही.'

'सतरा वर्षांत पहिल्यांदा विचारतेयस, आई, म्हणून म्हटलं.'

'बोल तर.'

तिने पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाली, मराठीत म्हणाली, 'इथे माझ्या वजनात मला हरवणाऱ्या मुली दोन आहेत. आयोवात चौदा आहेत.'

'मग?'

'मग काय. तिथे जायचंय.'

मी गुडघ्याचं विचारलं. ती म्हणाली, तिथे इंजिनिअरिंगपण आहे, गुडघा गेला तर ते करीन, गुडघा नाही गेला तरी करीन. मी विचारलं, कोणी दारात उभं करून तू कोण म्हणून विचारलं तर? ती म्हणाली, 'आई, मी त्याचा पाय धरीन.' आणि हसली, तशीच, जिममधल्यासारखी. मला वाटतं मीही हसले. प्रितम खालून ओरडला, 'झाली का सही? पोर्टल स्लो होतंय.'

मी कागद तिच्या टेबलावर ठेवला आणि उठले. ती कागदाकडे बघत होती. मी दारापर्यंत पोचले तेव्हा म्हणाली, 'आई, तुझी सही राहिली.'

म्हटलं, 'राहिली नाही. मी केली नाही.'

मैत्री